कंपाउंडर आबा

आबा नमस्कार करायचे नाहीत, मनगट धरायचे. समोर सालदार असो की मार्केट कमिटीचा चेअरमन, आबा त्याचा हात आपल्याकडे ओढून घ्यायचे, तीन बोटं नाडीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मग हळूच म्हणायचे, "पोट साफ नही तुनं." किंवा, "झोप नही लागत ना? कसानी चिंता करस?" माणूस तिथल्या तिथे विरघळायचा. ज्याच्या पोटाची चौकशी सख्ख्या भावाने कधी केली नाही, त्याची चौकशी आमदार करतोय म्हटल्यावर तो दुसऱ्याला मत कशाला देईल?

एकदा कापूस खरेदी केंद्राच्या उद्घाटनाला मुंबईहून मंत्री आले होते. आबांनी स्टेजवरच त्यांचं मनगट धरलं आणि माईक चालू आहे याचं भान न ठेवता म्हणाले, "साहेब, बीपी पाहून घ्या." मांडवात हशा पिकला. मंत्रीही हसले, पण हात त्यांनी झटकून सोडवून घेतला. पुढे काही महिन्यांनी ते खरंच आजारी पडून दवाखान्यात दाखल झाल्याची बातमी पेपरात आली. मग काय विचारता! आबांची बोटं म्हणजे देवाची बोटं, असं तालुक्यात झालं.

ती बोटं देवाची नव्हती, कंपाउंडरची होती. तरुणपणी आबा तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे पुड्या बांधायचे. डॉक्टर म्हातारे झाले, त्यांचं खेड्यांवर जाणं सुटलं, तेव्हा आबा सायकलला इंजेक्शनची पेटी अडकवून गावोगाव फिरू लागले. कुठे ताप, कुठे विंचू, कुठे बाळंतीण. कोणाकडून ज्वारी घ्यायची, कोणाकडून काहीच नाही. दहा-बारा वर्षं असं फिरल्यावर निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांना प्रचार करावाच लागला नाही म्हणतात. घरटी एकाच्या तरी दंडात त्यांची सुई गेलेली होती.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा ते आमदार होऊन बरीच वर्षं झाली होती. मी धुळ्याची, देवपूरची. कॉलेज करून आलेली. माझे यजमान आबांचे कार्यकर्ते होते. कार्यकर्ते म्हणजे काय, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. कपाशी वेचणीला आलेली असायची, मजूर मिळत नसायचे आणि हे आबांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर. सासूबाई बोलायच्या, दीर एकटाच शेतात राबायचा. ह्यांचं एकच उत्तर असायचं, "आबानी बलावं व्हतं." आमच्या घरात देवाच्या बोलावण्यालासुद्धा एवढा मान नव्हता.

आबा आमच्याकडे आले की ओट्यावर बसायचे नाहीत. सरळ स्वयंपाकघरात येऊन चुलीजवळ जमिनीवर बसायचे. "देवपूरनी अक्का, काय रांधेल शे?" असं विचारायचे. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, पण तालुक्यातल्या प्रत्येक सुनेला ते अक्काच म्हणायचे. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, जे असेल ते ह्यांच्याच ताटात हात घालून खायचे. खाता खाता जाकिटाच्या खिशातून कागदाची पुडी काढायचे आणि सासूबाईंच्या हातावर चार पांढऱ्या गोळ्या ठेवायचे. "गुडघाले." माझ्या धाकट्या जावेला डोकेदुखी होती, तिलाही तशाच गोळ्या. ह्यांना पित्तावर तशाच गोळ्या. त्या कसल्या होत्या हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण बरं वाटायचं, हे खरं. सासूबाई त्या गोळ्या देवघरात ठेवायच्या.

"नाही" हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. मुलाला नोकरी, लेकीला बदली, शेताला डीपी, विहिरीला मंजुरी, काहीही मागा, उत्तर एकच: "व्हई जाई." न होणाऱ्या कामालाही तेच आणि झालेल्या कामालाही तेच. आमच्या शेजारचा एक म्हातारा रस्त्यासाठी इतकी वर्षं त्यांच्याकडे जात राहिला की रस्त्याचं काय झालं हे विचारायचंच विसरला. नुसता भेटून, नाडी दाखवून, चहा पिऊन यायचा.

मी त्यांना इतक्या लवकर वाईट म्हणणार नाही. सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा आम्ही मुंबईला आमदार निवासात त्यांच्या खोलीवर उतरलो होतो. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉटवर एक कॅन्सरचा म्हातारा, खाली दोन बाया, दाराशी एक जळालेला पोरगा आणि त्याची आई. सगळे आमच्या तालुक्यातले. आमदार स्वतः बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेले. सकाळी सहाला उठून त्यांनी सासूबाईंना टॅक्सीत घातलं आणि हॉस्पिटलच्या रांगेत स्वतः उभे राहिले. वॉर्डबॉयला "दादा" म्हणाले, नर्सला "माय" म्हणाले. दुपारी विधानसभेत काही महत्त्वाचा विषय होता, ह्यांनी आठवण करून दिली. आबा रांग सोडून गेले नाहीत.

परतताना मी धीर करून विचारलं, "आबा, तुम्ही विधानसभेत कधी बोलता की नाही?"

"तठे बोलीसन काय व्हस, अक्का? तठे बठ्ठाच बोलतस. ऐकस कोन?"

मला तेव्हा ते उत्तर फार आवडलं होतं. सासूबाई वाचल्या. त्या आठ वर्षं जगल्या आणि रोज दिवा लावताना आबांचं नाव घ्यायच्या. मी ऐकत असे आणि मलाही ते बरोबर वाटे.

ह्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट द्यायचं आबांनी फार आधी कबूल केलं होतं. पहिल्या वेळी एका व्यापाऱ्याच्या मुलाला दिलं, दुसऱ्या वेळी आपल्या भाच्याला. दोन्ही वेळेला हे उपाशी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्याच उमेदवाराचे झेंडे जीपला बांधायला गेले. तिसऱ्या वेळी नक्की होतं, तर आमचा गटच बायकांसाठी राखीव झाला. आबा आले, चुलीजवळ बसले आणि मला म्हणाले, "तुले उभं ऱ्हानं शे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्या ताटाची वाट पाहिली ते आपल्याच बायकोपुढे वाढलेलं पाहावं, तसं काहीतरी. पण ते हसून म्हणाले, "आबा म्हनतस ते ऐक."

"नाव तिनं, काम तुनं," आबा ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "आनि पुढली येळले तूच. मना शबद शे."

मी निवडून आले. आबांच्या चिन्हावर दगड उभा केला असता तरी आला असता. जळगावला सभेला हे बरोबर यायचे, बाहेर व्हरांड्यात बसायचे आणि चहाच्या सुट्टीत मला काय बोलायचं ते सांगायचे. सुरुवातीला मी तसंच बोलले. पण हळूहळू मला वाचून कळू लागलं, विचारावंसं वाटू लागलं. आमच्या गावात आरोग्य केंद्राची इमारत बांधून तयार होती. उद्घाटनाला आबांनीच फीत कापली होती. त्यानंतर तिला कुलूप होतं. ओसरीवर लोक कापसाची गाठोडी ठेवायचे आणि आत कबुतरं होती. डॉक्टरच नव्हता. मी प्रत्येक सभेत तोच एक प्रश्न विचारत राहिले. अधिकारी वैतागले, सभासद हसायला लागले, "डॉक्टरताई आल्या" असं म्हणायला लागले. शेवटी एका चांगल्या अधिकाऱ्याने मनावर घेतलं आणि आमच्या गावाला डॉक्टर मिळाली.

मुलगीच होती ती. धुळ्याकडची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. केसांची लांब वेणी, पायात कॅनव्हासचे बूट. तिने पहिल्या दिवशी स्वतः झाडू घेतला आणि कबुतरांची घाण काढली. गावातल्या बाया नुसत्या तिला बघायला जायच्या. मग दाखवायला जायला लागल्या. बाईच्या अंगावरचं दुखणं बाईला सांगता येतं, ही गोष्टच आमच्याकडे नवी होती. माझी धाकटी जाऊ तेव्हा पोटुशी होती. दोन वेळा तिचं पोटातच गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, रक्त कमी आहे म्हणाल्या, पालक-शेंगदाणे-गूळ सांगितलं आणि निक्षून सांगितलं, "बाळंतपण माझ्याकडेच. घरी नाही." धाकटी त्यानंतर हसायला लागली. ती हसायची तेव्हा तोंडावर पदर धरायची. तिला मी बहिणीसारखं वागवत होते, असं लोक म्हणायचे. खरं म्हणजे त्या घरात तीच मला सांभाळत होती.

एके दिवशी आबा केंद्र बघायला आले. बाहेर बायांची रांग होती. आबांनी सवयीने एकीचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि खिशातून पुडी काढली. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी ती गोळी त्या बाईच्या हातातून घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "आबा, रागावू नका, पण ह्या अशा वाटू नका. हिचं पोट आधीच खराब आहे. ह्याने रक्तस्राव होतो."

सगळं गाव ऐकत होतं. आबा हसले. हात जोडले. "तुम्ही शिकेल मानसं," म्हणाले. "आमी आपला अडानी कंपाउंडर." पुडी परत खिशात गेली. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, गुनानी पोर आनी तू." मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे!

दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंची बदली झाली. थेट सातपुड्याच्या पायथ्याला, दुसऱ्या टोकाला. मी जळगावला धावले. ज्याच्या-त्याच्या टेबलाशी उभी राहिले. "वरून आलंय, ताई," एवढंच सगळे म्हणाले. मी आबांकडे गेले. त्यांनी माझ्या देखत फोन उचलला, कोणाला तरी मोठ्याने झापलं आणि मला म्हणाले, "व्हई जाई." मी समाधानाने घरी आले. दुसरा डॉक्टर आला नाही. केंद्राला पुन्हा कुलूप लागलं.

धाकटीला कळा लागल्या त्या वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी. दीर आणि बाकी सगळे शेतात, घरी मी आणि हे. सुईण आली, तिने हात टेकले. एक टेम्पो मिळाला, त्यात गादी टाकली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर रजेवर होते, नर्स जळगावला न्या म्हणाली. टेम्पोतच बाळ झालं. मी ते लुगड्यात गुंडाळलं. मुलगी होती. धाकटीने विचारलं, "रडस का ती?" मी म्हटलं, "रडतेय गं, ऐक ना." तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. गादी भिजून रक्त टेम्पोच्या फळ्यांवर आलं होतं. जळगाव दिसायला लागलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं सुरू झाली होती, तेव्हा ती गेली. हे पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. मी काच वाजवली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. ड्रायव्हरला काहीच सांगितलं नाही. टेम्पो तसाच दवाखान्यापर्यंत गेला.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. माझ्या दिराला मिठीत घेऊन रडले. "मनी लेक गयी रे भाऊ, मनी लेक गयी!" मी त्यांच्याकडे निरखून पाहत होते, कारण पुढाऱ्यांचं रडणं मी बरंच पाहिलं होतं. ते रडणं खोटं नव्हतं. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, जाकीट ओलं झालं होतं. दीर तोपर्यंत दगडासारखा बसला होता. आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून तो पहिल्यांदा रडला. त्या दिवसापासून तो आबांचा झाला, आमच्या ह्यांच्यापेक्षाही जास्त.

पुढच्या निवडणुकीत आबा पडले. ज्या भाच्याला त्यांनी जिल्हा परिषदेत नेलं, तोच बंडखोर म्हणून उभा राहिला आणि त्याने त्यांना पाडलं. ह्यांचं तिकीट आबांच्या पराभवाबरोबरच गेलं. आबांच्या दारासमोर ज्या जीपा उभ्या राहायच्या त्या महिन्याभरात भाच्याच्या दारासमोर उभ्या राहू लागल्या. आबांच्या मुलाने त्यांना जळगावला नेलं. मेहरूणमध्ये त्याचा बंगला होता, तळ्याच्या अंगाला.

दोन-तीन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. माझी मुदत संपली होती, राजकारण मी सोडलं होतं. आबा आजारी आहेत असं कळलं होतं आणि सासूबाईंची आठवण ठेवून जाणं मला भाग वाटलं. हे नाही आले. शेतात काम आहे म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत आबा कॉटवर बसले होते. खूप वाळले होते. सुनेने चहा आणून ठेवला आणि खाली निघून गेली. "चार महिनामा तूच उनी," आबा म्हणाले. मग ते बोलत सुटले. भाचा, पक्ष, मुलगा, सगळ्यांना शिव्या. ऐकायला कोणी नसलेलं माणूस बोलतं तसं. मी विषय बदलायला म्हणून गावाचं सांगितलं, धाकटीची मुलगी आता शाळेत जाते म्हणाले. आणि मीच म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई असत्या तर तिची आई आज असती."

"ती पोर चांगली व्हती," आबा म्हणाले.

"कोणी बदली केली कोण जाणे!"

"मीच कयी," ते म्हणाले. इतक्या सहज, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुम्ही? चांगली होती म्हणता ना?"

"चांगली व्हती म्हनीसनच. खराब ऱ्हाती ते कसाले हालवतू?" त्यांनी बशीत चहा ओतला. "अक्का, मना दारवर लोक येत, ते कसाले? दुखस म्हनीसन. तठे गावमाच औषध भेटनं, रस्ता भेटना, बठ्ठं भेटनं, ते मनाकडे कोन यी? पुढारीनं पोट कशावर भरस, तुले आजून नही समजनं?"

मी म्हटलं, "आबा, माझी जाऊ मेली हो."

"मी रडनू ना तिनाकरता," ते म्हणाले. आवाजात खरंखुरं दुःख होतं. "आते बी याद येस." मग माझ्याकडे जरा नवलाने पाहून म्हणाले, "पन तुले काब्र नवाई वाटस? जळगावले मना निरोप लईसन तुना नवराच ते गयथा. तुले सांगं नही का त्यानी?"

मी चहा तसाच ठेवून उठले. खाली त्यांची सून टीव्ही बघत होती. "झालं का?" म्हणाली.

बसमध्ये मला एकेक आठवत गेलं. बदलीच्या आठवडाभर आधी हे एकटेच जळगावला गेले होते. विहिरीवरच्या मोटारीचं सामान आणायचं म्हणाले होते. सामान नव्हतं आणलं. मला साडी आणली होती, मोरपंखी, आणि धाकटीला बाळंतपणासाठी शाल.

घरी पोचले तेव्हा हे अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची रास लावत होते. मी पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही. विचारलं, "डॉक्टरीणबाईंच्या बदलीचा निरोप तुम्ही घेऊन गेला होता?"

त्यांनी हातातली मोळी ठेवली नाही, वर पाहिलं नाही. म्हणाले, "आबानी सांगेल व्हतं."

"तुमच्या घरात पोटुशी बाई होती!"

"दुसरा डॉक्टर देसू म्हने, लगेच." मग आणखी खालच्या आवाजात, "तिकीटनं बी बोलनं व्हयेल व्हतं."

"आणि नंतर? धाकटी गेल्यावर?"

"रोज आठवस," ते म्हणाले आणि पऱ्हाट्या रचायला लागले. त्यानंतर आमच्यात ह्या विषयावर एक अक्षर बोलणं झालं नाही. संसार चालू राहिला. धाकटीची मुलगी मोठी होत होती, ती मला आई म्हणायची आणि ह्यांना बाबा. दीर तिच्यासाठी रोज शेतातून काही ना काही आणायचा, बोरं, शेंगा, कधी पोपटाचं पीस. त्याला मी काही सांगितलं नाही. एका घरात दोन भाऊ राहतात. त्यांच्यामध्ये मी कुठल्या तोंडाने भिंत घालणार होते?

आबा वारले तेव्हा सगळा तालुका लोटला. भाच्याने पहिला हार घातला. आणि मग आमच्या गावात ग्रामसभा भरली, मारुतीच्या पारावर. विषय एकच होता: आरोग्य केंद्राला आबांचं नाव द्यायचं. ग्रामसेवकाने ठराव वाचला, "आरोग्यसेवेसाठी ज्यांनी आपलं आयुष्य वेचलं..." वगैरे. केंद्राला तेव्हाही कायमचा डॉक्टर नव्हता. आठवड्यातून एकदा कोणी यायचं, कधी यायचं नाही.

"ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा."

पहिला हात माझ्या दिराचा वर गेला. ताठ, अगदी कोपर न वाकवता. त्याचे डोळे भरले होते. मग सगळ्यांचे हात गेले. हे दिराच्या शेजारीच बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ते पारावरच्या फरशीकडे पाहत होते. कोणीतरी मागून त्यांना डिवचलं, "काय भाऊ, तुमीच मांगे?" त्यांनी हात खांद्यापर्यंत नेला. डोकं खाजवलं की संमती दिली, हे कोणाला कळलं नाही. ग्रामसेवकाने संमती धरली.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. उभी राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी माजी सदस्य होते, आबांनी निवडून आणलेली. मी अनुमोदन देणार असंच त्यांना वाटलं असणार. ह्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "डॉक्टर कधी येणार, तेवढंही त्यात लिहा."

ग्रामसेवक नम्रपणे हसला. "तो वेगळा विषय आहे, ताई," म्हणाला. "आजच्या सभेत घेता येत नाही."

मी खाली बसले. दिराचा हात अजून वरच होता.